मंदाची प्रिया झाली, याचा पुरावा काय?

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते शिवणाच्या टेबलाखाली पडणाऱ्या कतरणीसारखे असतात. कापताना सगळं लक्ष कापडाकडे असतं, आणि एक दिवस केरसुणी घेऊन खाली वाकलं की कळतं, अरे, इथे तर उशी भरेल एवढा माल साठलाय. आमच्या क्लासात तर हसायची कोणाला फुरसत नव्हती. जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघत होता. पण दोन माणसं एकमेकांवर संशय घ्यायला लागली की तिसऱ्याची करमणूक ठरलेलीच.

माझा क्लास द्वारका चौकाजवळ, टायरच्या दुकानाच्या माडीवर. खाली ट्रकचे हॉर्न, वर पायमशीनची खडखड. शिक्षण म्हणाल तर चौथी. शिवण मला कोणी शिकवलं नाही. दुसऱ्याने शिवलेला ब्लाऊज उसवायचा, कुठला तुकडा कुठे जोडलाय ते बघायचं आणि परत शिवायचा. अशी उसवून उसवून मी शिकले. तेव्हापासून कुठलीही गोष्ट उसवून बघितल्याशिवाय मला खरी वाटत नाही. नवीन टेप आणली तरी आधी जुन्या टेपला लावून बघते.

पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराला कानावर आलं की गरीब मुली शिवण शिकत असतील तर सरकार त्यांना विद्यावेतन देतं. म्हणजे मुलगी शिकते तोवर दर महिन्याला तिच्या हातात थोडे पैसे. अट एकच, क्लास मान्यताप्राप्त पाहिजे. आणि मान्यता हवी तर कागद पाहिजेत.

माझ्याकडे लता नावाची मुलगी होती. एकलहऱ्याहून बसने यायची. बाप वीज केंद्रात ठेकेदाराकडे राख उपसायच्या कामावर. तो एक दिवस आला आणि जिन्यातच उभा राहून म्हणाला, "मावशी, सरकारनं पैसं चालू केलं तर शिकंल पोर. नायतर मालेगावकडचं स्थळ हाय. आखितीला उरकून टाकतो."

आखिती म्हणजे अक्षयतृतीया. लता आत काज करत होती. तिने ऐकलं आणि सुई बोटात घुसवून घेतली. मी बापाला म्हटलं, "तोवर थांबा." आणि त्या दिवसापासून कागदांच्या मागे लागले.

*

पहिला भेटला तो एजंट. सफारी घातलेला, काखेत पाकीट, जिभेवर साखर.

"मावशी, या वयात कुठे हेलपाटे मारता? या कोऱ्या कागदांवर सह्या करा. प्रस्ताव आम्ही करतो, मान्यता घरपोच."

"कोऱ्या कागदावर?"

"मजकूर नंतर टाकतो ना. सगळे असंच करतात."

मी टेबलावरचं कापड पुढे ओढलं आणि कात्री उचलली. "मग तुमचा एक शर्ट शिवते. आत्ता कापते, माप नंतर घेऊ."

"गंमत करता, मावशी."

"उभे तर राहा. मग बघा गंमत."

उभा राहिला नाही. गेला. पुढे महिन्याभरात कळलं की त्याच्या स्वतःच्याच शिवणक्लासला मान्यता मिळाली. मी मुद्दाम बघायला गेले. मोठी पाटी होती, त्याहून मोठं कुलूप होतं. शेजारच्या पानवाल्याला विचारलं, "हा क्लास कधी उघडतो हो?"

पानवाला कात लावता लावता म्हणाला, "तपासणी असली की."

*

मग मी स्वतःच कार्यालयात गेले. तिथला क्लार्क प्रस्ताव चाळून म्हणाला, "शिकवणाऱ्याचं शिवणाचं प्रमाणपत्र जोडलेलं नाही."

"शिकवते मी. प्रमाणपत्रं मुलींना मी देते."

"तुम्हाला कोणी दिलं?"

"मला कोण देणार? मी कोणाकडे शिकलेच नाही."

"मग परीक्षा द्या," असं म्हणून त्याने जेवणाचा डबा उघडला.

दिली परीक्षा. पन्नाशी उलटल्यावर, विशीतल्या पोरींच्या रांगेत, छातीला नंबर टाचून. अस्तराचा ब्लाऊज शिवायचा होता. मान खाली घालून कापला, शिवला, इस्त्री केली. परीक्षक बाई टेबलाशी आल्या. वर बघते तर रेखा! माझ्याच क्लासात शिकलेली. मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा ते मी तिला हात धरून दाखवलेलं. पुढे डिप्लोमा करून ती सरकारी शाळेत शिवणाची बाई झाली होती.

तिने ओळख दाखवली नाही. टेप काढली, मापं घेतली, काखेत बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "मुंढा सैल आहे. पुस्तकात एवढा नाही."

"पुस्तकातल्या बाईला फळीवरची भांडी काढायची नसतात."

"मार्क पुस्तकाप्रमाणे," रेखा म्हणाली आणि मार्क कापले. काठावर पास झाले.

बाहेर मी तिला गाठलं. माझ्या डोक्यात एकच किडा. उपकाराने पास होणं मला नको होतं. "रेखा, खरं सांग, मला ओळखून पास केलंस का?"

"नाही मावशी, ओळखून मार्क कापले. माझा पहिला ब्लाऊज तुम्ही किती वेळा उसवायला लावला होतात, आठवतंय का?"

*

प्रमाणपत्र आलं. आता त्याची साक्षांकित प्रत हवी. म्हणजे झेरॉक्सवर एखाद्या मोठ्या सरकारी अधिकाऱ्याने शिक्का मारून सांगायचं की ही नक्कल अस्सल आहे. नक्कल अस्सल! बरं. निघाले अधिकारी शोधायला.

पहिला भेटला तो म्हणाला, "मी तुम्हाला ओळखत नाही."

"मी तरी तुम्हाला कुठे ओळखते? तुमच्या शिक्क्यावर विश्वास ठेवणारच आहे ना?"

त्याने शिपायाला हाक मारली. शिपायाने मला बाहेरचा रस्ता दाखवला.

शेवटी लताच्या बापाने वाट सांगितली. "जनावरांच्या डाक्टरकडं जा, मावशी. त्योबी सायेबच हाय. आन् गर्दी नसती."

गेले. दवाखान्यात एक म्हैस आणि मी. डॉक्टरांनी आधी म्हशीला तपासलं, ते रीतसरच होतं, तिचा नंबर आधी होता. मग हात धुऊन माझं प्रमाणपत्र उजेडात धरलं, झेरॉक्स शेजारी धरली आणि ओळ अन् ओळ ताडून बघितली. सरकारात इतकं लक्ष देऊन माझा कागद कोणी वाचला नव्हता. मला वाटलं, याचा काहीतरी डाव असणार. मग ते फोटोकडे बघायला लागले. मग माझ्याकडे. परत फोटोकडे.

"काय झालं, डॉक्टर?"

"म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला असतो," शिक्का उचलत ते म्हणाले. "नंबर बघितला की काम झालं. माणसांचं अवघड असतं."

*

प्रस्ताव आत गेला आणि तपासणीला सोनटक्के साहेब आले. हातात स्वतःची पाण्याची बाटली. चहा घेणार नाही म्हणाले. घरी आलेला माणूस चहाला नाही म्हणाला, तर एक तर त्याला ॲसिडिटी असते किंवा त्याच्या मनात काहीतरी असतं.

"ॲसिडिटी?" मी विचारलं.

"नाही."

मग मी सावध झाले. म्हटलं, "आधी ओळखपत्र दाखवा. साहेब म्हणून काय, उद्या कोणीही येईल."

त्यांनी मुकाट्याने दाखवलं. फोटोत जाडजूड मिशी. समोर मिशीचा पत्ता नाही.

"हे तुम्हीच कशावरून?"

"वडील गेले तेव्हा काढली," साहेब म्हणाले. "परत ठेवली नाही."

आता यावर काय पुरावा मागणार? आत घेतलं.

पण माणूस पक्का होता. मशीनचं पायडल हलवून बघितलं. बॉबिनच्या खाली साठलेला दोऱ्याचा भुसा नखाने काढून बघितला, मशीन रोज चालतं की नुसतं मांडलंय ते कळायला. कतरणीचं पोतं जमिनीवर ओतायला लावलं. शेवटी खिशातून निळा खडू काढला, गुडघ्यावर बसले आणि एकेका मशीनच्या पोटाखाली खूण करत सुटले.

"हे कशाला?"

"गेल्या आठवड्यात एकच मशीन मला दोन क्लासांत भेटलं."

मी त्यांच्या हातातून खडू घेतला आणि त्यांच्या पिशवीच्या बुडाला एक फुली मारली.

"हे कशाला?"

"साहेब तरी पुढच्या वेळी हेच येतात का, कळायला नको?"

लता फिसकन हसली. साहेब हसले नाहीत. पिशवी उलटी करून फुली नीट उमटलीय का ते बघितलं आणि पुढच्या मशीनकडे गेले. खरं सांगते, मनातून मला माणूस पटला. तोंडाने म्हटलं नाही.

*

फास पुढे होता. शेवटचा कागद म्हणजे शिकून गेलेल्या मुली कामाला लागल्या, त्याचे पुरावे. इथे मात्र माझी मान ताठ होती. माझ्या किती मुली अंबडच्या कारखान्यांत, गणवेशाच्या दुकानांत मशीनवर बसत होत्या. सगळीकडून मालकांची पत्रं आणून ठेवली होती.

साहेबांनी एका बाजूला माझे जुने हजेरीपट मांडले, दुसऱ्या बाजूला ती पत्रं. बराच वेळ दोन्हीकडे बोट फिरवत राहिले. मग चष्मा काढला.

"बाई, तुमच्या हजेरीत मंदा बबन जाधव आहे. ती कुठेच कामाला लागलेली नाही. कामाला लागलीय प्रिया संजय गायकवाड. ती तुमच्याकडे शिकलेलीच नाही. प्रत्येकीचं हेच. एकही नाव जुळत नाही."

त्यांच्या नजरेत मला ती मोठी पाटी आणि ते मोठं कुलूप दिसलं.

"साहेब, लग्नं झाली त्यांची. तुम्ही काय परमुलखातून आलात का? ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने नवीन नाव लिहितो. मंदाची प्रिया होते. बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं, स्वतःचं होतं तेही गेलं. हात तेवढा तोच राहतो."

"रीत मला माहीत आहे. कागद दाखवा."

"थांबा," म्हटलं, आणि मंदाला बोलवायला लताला पिटाळलं. मंदा जवळच राहायची. आली, कडेवर पोर, हातात स्वतःची लग्नपत्रिका. चांगली जपून ठेवलेली, हळदीच्या बोटांसकट.

साहेबांनी पत्रिका वाचली. "यात चि. सौ. कां. मंदा आहे, ठीक. नवऱ्याचं नाव आहे, ठीक. पण मंदाची प्रिया झाली, हे कुठे लिहिलंय?"

"तांदळात," मंदा म्हणाली.

"आणि ते तांदूळ?"

"शिजवले, साहेब. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी खिचडीत घातले."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि शेरा लिहिला की पुरावे अपुरे, प्रस्ताव प्रलंबित. होळीनंतर पुन्हा तपासणी, तोवर पूर्तता करा.

लता माझ्या मागे उभी होती. तिने हळूच विचारलं, "मावशी, मालेगावचे लोक माझं काय नाव ठेवतील?"

मी म्हटलं, "ते काज आधी पूर्ण कर."

*

साहेब जिना उतरायला लागले. माझं टाळकं तापलं होतं. कठड्यावरून वाकून विचारलं, "साहेब, घरी बाईंचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

"कशाला?"

"सहज. तुमच्याकडे कागद असेल म्हणून."

साहेब एक पायरी उतरले आणि थांबले. तोंड उघडलं. मिटलं. मग खाली गेले.

आठवडाभराने एक बाई आल्या. चाळिशीच्या, कडक इस्त्रीची सुती साडी. क्लासला नाव घालायचं म्हणाल्या. जोडीला शाळा सोडल्याचा दाखला, अगदी पिवळा पडलेला. शकुंतला नामदेव आहेर. फी सांगितली, तर घासाघीस न करता पूर्ण पुढे ठेवली. तिथेच मला शंका आली. अशी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"मिस्टर काय करतात?"

"तपासतात."

"काय तपासतात?"

"तुमच्यासारख्यांचे क्लास."

मी फी उलटी त्यांच्याकडे सरकवली. "म्हणजे सोनटक्के साहेबांनी पाठवलं तुम्हाला."

"त्यांना माहीतच नाही. पत्ता मी त्यांच्या कागदांतून काढला. गेल्या आठवड्यात जेवताना मला म्हणाले, तुझं आधीचं नाव काय गं? माहेरी मला सगळे ताई म्हणायचे. खरं नाव पत्रिकेत एकदा छापलं तेवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा विचारलं."

"मग सांगितलंत?"

"नाही. म्हटलं, शोधा."

मी फी परत माझ्याकडे ओढली, पण विश्वास ठेवला नाही. गोष्ट फार चांगली जमली होती, आणि फार चांगली जमलेली गोष्ट मी आधी उसवून बघते. बाईंना लताच्या शेजारच्या मशीनवर बसवलं आणि लताला सांगितलं, "लक्ष ठेव. काय विचारतात, काय लिहून घेतात."

दुसऱ्या दिवशी लताने खबर आणली. "मावशी, त्या काहीच विचारत नाहीत. नुसतं शिवतात."

हेच तर मला खटकत होतं.

इकडे मी पूर्ततेच्या मागे होते. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडून प्रत्येकीचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. आधीचं नाव, नंतरचं नाव, बाई एकच. मंदाच्या सासूबाई तर स्वतः आल्या. त्यांनाही मी स्टँपपेपरवर घेतलं. "मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की मंदा ही आमच्या घरात प्रिया झाली, व सदर तांदूळ मी स्वतः शिजवले." टायपिस्टने शेवटचं वाक्य गाळलं होतं. मी परत घालायला लावलं.

होळी झाली. तपासणीच्या दिवशी सकाळी मी आहेरबाईंना म्हटलं, "आज नका बसू. प्रस्ताव मोडला तर या पोरीचं लग्न लागेल. तुमच्या घरातलं भांडण माझ्या क्लासात नको."

"माझं नाव हजेरीत आहे," त्या म्हणाल्या. "मी नसले तर ती त्रुटी होईल." आणि मशीनला दोरा ओवायला बसल्या.

साहेब आले. या वेळी हजेरी त्यांनी स्वतःच घ्यायला घेतली, कारण भाड्याच्या मुली बसवणारे क्लास त्यांनी बघितले होते. खुर्ची दाराशी, मान कागदात. नाव घ्यायचं, आवाज ऐकायचा, खूण करायची. लता झाली. पुढचं नाव आलं.

"शकुंतला नामदेव आहेर."

मशीन चालूच होतं. "हजर."

साहेबांनी मान वर केली नाही. खूणही केली नाही. तेच नाव परत घेतलं, सावकाश, एकेक शब्द सुटा सुटा करून. पहिल्या शब्दाला जरा जास्तच वेळ लावला.

"हजर म्हटलं ना," बाई म्हणाल्या.

साहेबांनी खूण केली आणि पुढच्या नावाकडे गेले. बाकीची हजेरी मला ऐकू आली नाही. मी एकदा याच्याकडे बघत होते, एकदा तिच्याकडे. दोघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर काही नाही. याला म्हणतात संसार.

मग प्रतिज्ञापत्रं मांडली. साहेबांनी सगळी वाचली. सासूबाईंचं दोनदा वाचलं. मला वाटलं, आता तांदळावर अडणार. पण त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं, "पूर्तता झाली. मान्यतेची शिफारस." खाली सही, शिक्का, तारीख. मी उलट्या बाजूने वाचत होते, लता माझ्या खांद्यावरून. तिने हातातलं काम तिथेच टाकलं आणि परवानगीसुद्धा न मागता एकलहऱ्याची बस गाठायला पळत सुटली.

साहेबांना जिन्यापर्यंत सोडायला मी गेले. ते एक पायरी उतरले, परत वर आले. आत मशीनचा आवाज येत होता. थोडा वेळ तो ऐकत उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "त्या आहेरबाई... हात कसा आहे त्यांचा?"

माझ्या अंगात संशय मुरलेला. म्हटलं, "लेखी देऊ?"

"नको," साहेब म्हणाले. "तोंडी सांगा."